दक्षिणा, वर्गणी आणि रॉयल्टी

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हां मंडळींची एक तक्रार ठरलेली आहे: मराठी पुस्तके फार महाग असतात. बदलीच्या गावी चार मराठी माणसे जमली, मंडळ स्थापन झाले, एक कपाट विकत घेऊन त्याला ‘ग्रंथालय’ असे नाव दिले, की पहिल्याच खरेदीच्या वेळी ही तक्रार निघावयाचीच. आम्हीही ती पुष्कळदा केली आहे, आणि ती करताना आपण काही विचारपूर्वक बोलत आहोत असाच आमचा समज होता.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या वार्षिकोत्सवास एक वयोवृद्ध ग्रंथकार पाहुणे म्हणून आले होते. व्याख्यान उत्तम झाले. त्यांच्या पुस्तकाच्या दहा प्रती ग्रंथालयासाठी घ्याव्या असे ठरले, आणि सरकारी खरेदीची सवय अंगवळणी पडलेल्या आमच्यापैकी एकाने लगेच तीस टक्के सूट मागितली. ग्रंथकार किंचित हसले व म्हणाले, ‘‘साहेब, अवश्य मागा. प्रकाशकांना मी तसे लिहितो. फक्त एवढेच सांगतो, की आपण मागता ती सूट मला मिळणाऱ्या रकमेच्या तिप्पट आहे.’’ सभेत हशा पिकला. पण घरी परतताना आम्हांस मनातून ओशाळल्यासारखे झाले. रस्त्यांची व पुलांची अंदाजपत्रके आम्ही रोज तपासतो. खर्चाच्या प्रत्येक बाबीपुढे खूण करतो. परंतु ज्या पुस्तकांवर आपण जीव लावतो, त्यांची किंमत कशी ठरते आणि तीतून लिहिणाऱ्याच्या पदरात काय पडते, ह्याची चौकशी आम्ही जन्मात कधी केली नव्हती. प्रस्तुत लेख हे त्या चौकशीचेच फळ आहे.

मराठी भाषा छापखान्यात प्रथम गेली ती गोव्यात. फादर स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. देवनागरी खिळ्यांनी मराठी छापण्याचा उद्योग मात्र थेट बंगालमध्ये, कलकत्त्याजवळच्या श्रीरामपुरास सुरू झाला. विल्यम कॅरी ह्यांचे मराठी भाषेचे व्याकरण तेथे १८०५ मध्ये निघाले, आणि १८१० मध्ये त्यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्या कोशातील मराठी शब्द मोडी लिपीत होते. हे ग्रंथ कोणासाठी होते? १८०० मध्ये कलकत्त्यास स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनी सरकारचे तरुण मुलकी अधिकारी देशी भाषा शिकत असत, त्यांच्यासाठी. म्हणजे आपला मुलूख सोडून दूर नेमणुकीवर आलेला अधिकारी हाच देवनागरीत छापलेल्या मराठी पुस्तकाचा पहिला वाचक होय! आमच्या वाचकांस ह्या योगायोगाची गंमत वाटल्यावाचून राहणार नाही. त्याच सुमारास तिकडे दक्षिणेत तंजावरास सरफोजीराजांनी छापखाना घातला, आणि १८०६ मध्ये इसापाच्या गोष्टींचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी रूपांतर तेथे निघाले.

ह्या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. छपाईचा भार खजिन्यावर होता; एके ठिकाणी राजाच्या, दुसऱ्या ठिकाणी मुख्यतः सरकारी आश्रयावर. कॅरीसाहेबांना साहाय्य करणारे वैजनाथ पंडित हे कॉलेजचे पगारी पंडित होते. त्यांना मिळे ते वेतन. पुस्तकाच्या खपाशी त्याचा संबंध नव्हता. पुस्तक विकून पुस्तकाचा खर्च निघावा, हा विचारच त्या वेळी फारसा संभवत नव्हता, आणि त्याला कारणही तसेच होते.

ते कारण समजण्यासाठी जुन्या छापखान्यात थोडे डोकवावे लागते. इंग्रजीला सव्वीस अक्षरे, त्यांची लहानमोठी रूपे व थोडी चिन्हे एवढ्यावर भागते. देवनागरीस काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे मिळून शेकडो वेगवेगळे खिळे लागतात. प्रत्येकासाठी पोलादावर अक्षर कोरावयाचे, त्याचा ठसा तांब्यात उठवावयाचा, आणि त्या साच्यात शिसे ओतून खिळे पाडावयाचे. पुढे खिळाजुळाऱ्याने ते एकेक उचलून ओळी जुळवावयाच्या, मुद्रिते तपासावयाची, चुका दुरुस्त करून फर्मा यंत्रावर चढवावयाचा. इतका सगळा खर्च होतो तेव्हा पुस्तकाची पहिली प्रत बाहेर पडते. दुसऱ्या प्रतीला मग कागद, शाई आणि बांधणी एवढेच लागते. पुस्तकाच्या किमतीचे सारे रहस्य ह्या एका गोष्टीत आहे: पहिली प्रत अतिशय महाग असते आणि नंतरची प्रत्येक स्वस्त असते. म्हणून प्रती किती निघणार आणि त्या खपणार किती, ह्यावर एका प्रतीची किंमत अवलंबून राहते.

हे मर्म मुंबईच्या गणपत कृष्णाजींना पुरते उमगले होते असे दिसते. त्यांनी शिळाप्रेस घातला. शिळेवरील छपाईत खिळे नकोत. सुवाच्य लिहिणारा एक लेखनिक मिळाला की काम होते. १८३१ मध्ये त्यांनी पंचांग छापले. पंचांगच का? कारण ते घरोघर दरसाल लागते, आणि संपले की पुढच्या वर्षी पुन्हा लागते. छापील कागदाला शिवावयास सोवळ्यातील मंडळी कचरत, कारण शाईत चरबी असते असा प्रवाद होता. म्हणून त्यांनी तुपाची शाई केली, असे सांगतात. गिऱ्हाइकाचा खप आधी ठाऊक असणे आणि त्याची शंका आधी दूर करणे, ह्या दोन गोष्टी त्यांनी साधल्या. त्यांच्या मागून आलेले जावजी दादाजी हे अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपयांवर लहानपणी कामास लागलेले. त्यांनी १८६४ मध्ये स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला, १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ छापखाना सुरू केला, आणि सुबक देवनागरी छपाई सर्व हिंदुस्थानात पोहोचविली. त्यांच्याही उद्योगाला पंचांगाचा टेकू होताच.

परंतु पंचांगाला लेखक नसतो; निदान कथा-कादंबरीला असतो तसा नसतो. नवा विचार लिहिणाऱ्याने काय करावे? त्याच्या पुस्तकाचा खप कोणालाच आधी ठाऊक नसतो. येथे आपल्याकडे आला तो ‘दक्षिणा’ हा शब्द. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. राज्य गेल्यावरही एल्फिन्स्टनसाहेबांनी तो फंड अन्य रूपाने चालू ठेवला. १८४९ मध्ये गोपाळ हरी देशमुख आदी पुण्याच्या सुधारक मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की ह्या पैशाचा काही भाग मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांस द्यावा. त्यातून १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली. पाठांतराबद्दल मिळणारे धन लेखनाबद्दल मिळू लागले, हे पाऊल लहान नव्हते.

तथापि बक्षीस झाले तरी ते देणाऱ्याच्या मर्जीचे. १८५५ मध्ये जोतीराव फुले ह्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक ह्याच कमिटीकडे पाठविले व ते नाकारले गेले. ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे ‘गुलामगिरी’त (१८७३) नमूद करून ठेवली आहे. आश्रयाचे दुसरे, उजळ अंगही सांगितले पाहिजे. मुंबई सरकारने २४ हजार रुपयांचे साहाय्य दिले म्हणून तुकोबांच्या अभंगांची चिकित्सक गाथा १८६९ व १८७३ अशा दोन भागांत निघू शकली. पुढे बडोद्यास सयाजीराव महाराजांनी दोन लक्ष रुपये वेगळे काढून त्यांच्या व्याजातून मराठी व गुजराती ग्रंथमाला चालविल्या. महाराष्ट्राबाहेरील मराठी वाङ्मयसेवेत त्यांचे स्थान फार वरचे आहे. एकूण, आश्रयदाता पहिल्या प्रतीचा भार उचलतो हे खरे. पण कोणत्या पुस्तकाची पहिली प्रत निघावी हेही मग तोच ठरवितो.

ह्या पेचातून सुटण्याची वाट दाखविली ती ‘वर्गणी’ने. १८७४ च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. तिचे ८४ अंक निघाले. शास्त्रीबोवा त्या वेळी सरकारी शाळाखात्यात नोकरीस होते, आणि मालेतील मजकूर मात्र कोणाही साहेबाची परवानगी घेऊन लिहिल्यासारखा नव्हता! असे लिहिता आले ह्याचे एक कारण, आमच्या मते, वर्गणी हे होय. एका धन्याऐवजी शेकडो धनी असले की कोणीच एकटा धनी उरत नाही. १८९० मध्ये हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ निघाले, आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः वाचकांच्या हाती आली. बालविधवेच्या दुःखाची ही कहाणी कोणत्या बक्षीस कमिटीने पदरमोड करून छापली असती, हा विचार ज्याचा त्याने करावा. वर्गणीदाराने पैसे आधी दिले, म्हणून ती निघाली. दूरच्या वाचकांसाठी टपालखात्यानेही मोठीच सोय केली. १८७७ पासून व्ही. पी.ची पद्धत सुरू झाली, आणि पुण्यामुंबईचे पुस्तक परमुलखातील मराठी बिऱ्हाडात येऊन पोहोचू लागले.

आता ‘रॉयल्टी’. हा शब्द आपल्याकडे उशिरा आला, आणि अजूनही तो उच्चारताना आपण थोडे संकोचतो. ‘मानधन’ म्हणणे आपल्याला सभ्यपणाचे वाटते. पण दोहोंत भेद आहे. मानधन हे देणाऱ्याच्या सौजन्यावर असते. रॉयल्टी हा लिहिणाऱ्याच्या हक्काचा वाटा असतो. हा भेद न ओळखल्याने काय होते, ह्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडातील आहे. मिल्टन कवीने १६६७ मध्ये ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे महाकाव्य छापणाऱ्यास दिले ते पाच पौंड रोख घेऊन. पहिल्या आवृत्तीच्या तेराशे प्रती खपल्यावर आणखी पाच, आणि पुढील दोन आवृत्त्यांस पाच-पाच असा करार होता. हयातीत त्याला दहा पौंड मिळाले. १६८० मध्ये त्याच्या विधवेने उरलेला सर्व हक्क आठ पौंडांस सोडून दिला. ते काव्य आजही छापले जाते. छापणाऱ्याने फसविले असे म्हणवत नाही. खप किती होईल हे त्यालाही माहीत नव्हते. एकरकमी सौद्याचा दोष हाच, की खपाची जोखीम एकावर पडते आणि खपाचे यश दुसऱ्याला कधीच मिळत नाही. आपल्याकडेही हक्क एकदाच विकून टाकण्याची रीत दीर्घकाळ चालली. आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत आहेत आणि ग्रंथकाराच्या घरी त्याचा सुगावाही नाही, असे मग घडू शकते.

कायदा मात्र हळूहळू लेखकाच्या बाजूला सरकत गेला. हिंदुस्थानात ग्रंथस्वामित्वाचा पहिला कायदा १८४७ चा. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक मुद्रित पुस्तकाची सरकारात नोंद होऊ लागली. तीत पृष्ठे किती, प्रती किती, किंमत किती आणि हक्क कोणाचा, हे लिहावे लागे. आमच्या वाचकांपैकी जे दप्तरी कामात मुरले आहेत, त्यांना अशा नोंदीचे मोल सांगावयास नको. त्यानंतर १९११ चा इंग्लंडचा कायदा १९१४ मध्ये काही फेरफारांसह येथे लागू झाला. त्यात एक लक्षात ठेवण्याजोगे कलम होते: ग्रंथकाराच्या निधनास २५ वर्षे झाल्यावर रीतसर सूचना देऊन कोणीही त्याचे पुस्तक छापावे, मात्र प्रसिद्ध किमतीच्या दहा टक्के रॉयल्टी हक्कदारास द्यावी. दहा टक्के हा आकडा आजही मराठी ग्रंथव्यवहारात ओळखीचा आहे. स्वतंत्र भारताचा १९५७ चा कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. निधनानंतर ५० वर्षे ही हक्काची मुदत १९९२ मध्ये ६० वर्षे झाली. १९९४ च्या दुरुस्तीनंतर हक्क देण्याच्या लेखी करारात रॉयल्टीची रक्कम नमूद करणे आवश्यक ठरले, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांचीच समजावी असे ठरले. आमच्यापैकी जे फावल्या वेळात लिहितात, त्यांनी सही करण्यापूर्वी एवढे तरी पाहावे.

पण कायद्याने वाटा ठरतो. वाट्याला येणारी रक्कम ठरत नाही. ती खपावर ठरते. उदाहरणापुरता एक हिशेब मांडून पाहू. त्यातील आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, कोणा प्रकाशकाच्या वहीतले नव्हेत. समजा, १६० पृष्ठांचे, म्हणजे सोळा पृष्ठांचा एक असे दहा फर्म्यांचे पुस्तक आहे. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ व छपाईची पूर्वतयारी मिळून ४० हजार रुपये लागले. प्रती शंभर काढा की हजार, हा खर्च तेवढाच. कागद, छपाई व बांधणी मिळून प्रत्येक प्रतीस ६० रुपये पडले. विक्रेत्याचे व वितरकाचे कमिशन छापील किमतीच्या चाळीस टक्के, आणि लेखकाची रॉयल्टी दहा टक्के. म्हणजे छापील किमतीच्या निम्मी रक्कम प्रकाशकाच्या हाती येते, आणि तिच्यातून त्याने सर्व खर्च भागवावयाचा.

पाचशे प्रती काढल्या तर एका प्रतीचा खर्च १४० रुपये होतो. म्हणजे किंमत निदान २८० रुपये ठेवली तरच तोंडमिळवणी होते. हजार प्रतींस खर्च १०० व किंमत २०० रुपये. दोन हजार प्रतींस खर्च ८० व किंमत १६० रुपये. प्रकाशकाचा नफा ह्यात धरलेला नाही, आणि सर्व प्रती खपल्या असे मानले आहे. आता लेखकाकडे पाहा. पाचशे प्रतींवर त्याला १४ हजार मिळतात, हजारांवर २० हजार, आणि दोन हजारांवर ३२ हजार. ह्या आकड्यांकडे आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. वाचकाची किंमत २८० वरून १६० वर येते आणि लेखकाची प्राप्ती मात्र दुपटीहून अधिक होते! वाचक व लेखक ह्यांचे हित परस्परविरुद्ध आहे असे आम्ही उगाच समजत होतो. दोघांचा वैरी एकच, आणि तो म्हणजे न खपलेला गठ्ठा.

कागदाचे भाव हे दुसरे संकट. टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात १९१०–११ च्या हिवाळ्यात लिहिले. १९१५ मध्ये ते छापावयास घेतले तेव्हा पहिल्या महायुद्धामुळे कागदाची वाण पडली होती. एका स्वदेशी गिरणीने वेळेवर कागद करून दिला म्हणून काम निभावले, असे त्यांनी प्रस्तावनेतच आभारपूर्वक लिहिले आहे. तरीही त्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती त्याच वर्षी काढावी लागली, कारण वाचक वाट पाहत बसलेले होते. लहान ग्रंथकाराचे वाचक असे वाट पाहत बसलेले नसतात. त्याच्या पुस्तकाला कागद महाग झाला की प्रती कमी निघतात, प्रती कमी म्हणून किंमत वाढते, किंमत वाढली म्हणून खप घटतो, आणि मग आपण म्हणतो, मराठी पुस्तके महाग आहेत! आता संगणकाच्या साहाय्याने मागणीप्रमाणे दहावीस प्रतीही काढता येतात. त्यामुळे गठ्ठा पडून राहण्याची भीती कमी झाली. पण थोड्या प्रतींत एकेका प्रतीची छपाई महागच पडते.

ह्यावर उपाय काय? तो नवा नाही; निबंधमालेच्या वर्गणीदारांना तो ठाऊक होता. पुस्तक छापण्यापूर्वी ‘मी घेईन’ असे सांगणे, आणि शक्य तर पैसे आधी देणे. मराठी प्रकाशक ‘प्रकाशनपूर्व सवलत’ देतात, ती हीच जुनी वर्गणी होय. ही सूट आणि आमच्या मित्राने सभेत मागितलेली सूट ह्यांत मोठे अंतर आहे. छापून तयार असलेल्या दहा प्रतींवर सूट मागणारा कोणाची जोखीम हलकी करीत नाही. छापण्यापूर्वी नाव नोंदविणारा पहिल्या प्रतीच्या खर्चातला आपला भाग उचलतो, आणि त्याबद्दल त्याला काही स्वस्त मिळाले तर ते न्याय्यच होय. एका गावच्या मंडळाच्या दहा प्रतींनी काही घडणार नाही हे आम्हीही जाणतो. परंतु दिल्ली, कलकत्ता, इंदूर, हैदराबाद, बंगळूर अशा गावोगावच्या मंडळांनी आधी नावे नोंदविली, तर पाचशेची आवृत्ती हजाराची होण्यास वेळ लागणार नाही.

त्या वयोवृद्ध ग्रंथकारांच्या दहा प्रती आमच्या मंडळाने पुढे पूर्ण किमतीस घेतल्या. त्यांचे पुढचे पुस्तक निघणार असे कळले, तेव्हा कार्यकारिणीने पंचवीस प्रतींची रक्कम छपाईपूर्वीच प्रकाशकांकडे पाठविली, आणि तो ठराव मांडला तो तीस टक्के सूट मागणाऱ्या आमच्या त्याच मित्राने. ठरावासोबत त्याने खर्चाचा तक्ताही जोडला होता, प्रत्येक बाबीपुढे खूण करून. त्यातील एकाच बाबीपुढे त्याने तांबड्या शाईने शेरा लिहिला होता: ‘लेखकाचा वाटा: यात कपात करू नये.’